माहिती वाढली, दरीही वाढली
हवामानबदल आणि अमेरिकेतले दुभंगलेले लोकमत : एक आढावा

लोकांना विज्ञान समजले की ते योग्य निर्णयाच्या बाजूने उभे राहतात, या श्रद्धेवर आपली प्रबोधनाची परंपरा उभी आहे. गावोगावच्या व्याख्यानमाला, विज्ञानविषयक नियतकालिके, मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्था त्याच श्रद्धेतून उभ्या राहिल्या. ही श्रद्धा मला मोलाची वाटते. म्हणूनच हवामानबदलाच्या बाबतीत अमेरिकेत गेल्या चार दशकांत जे घडले, ते आपण बारकाईने पाहिले पाहिजे. या विषयाचे कितीतरी पायाभूत संशोधन ज्या देशात झाले, त्याच देशात हा विषय पक्षनिष्ठेची खूण होऊन बसला.

एकवाक्यतेचे दिवस

सुरुवात अशी नव्हती. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकी महिलेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ते उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वाधिक तापते, असे नोंदवले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित मांडले. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत या वायूचे सातत्याने मोजमाप सुरू केले. तेव्हा दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज हा आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. १९७९ च्या चार्नी समितीने निष्कर्ष दिला, की हा वायू दुप्पट झाला तर तापमान दीड ते साडेचार अंश सेल्सिअसने वाढेल.

या सगळ्यात पक्षाचा प्रश्न कुठेच नव्हता. पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या काळात स्थापन झाली. ओझोनचा थर वाचवणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल कराराला रेगन यांचा पाठिंबा होता. २३ जून १९८८ रोजी नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली. त्याच वर्षीच्या प्रचारात थोरल्या बुश यांनी या संकटाशी लढण्याचे आश्वासन दिले आणि १९९२ मध्ये रिओच्या हवामान करारावर सहीही केली.

संशयाची पेरणी

मग बिनसले कुठे? कोळसा आणि तेल कमी जाळायचे म्हटले, की कर, नियम आणि सरकारचे वाढते अधिकार हे प्रश्न आलेच. त्यांवर मतभेद असणे स्वाभाविक आहे, आणि लोकशाहीत तो वाद व्हायलाच हवा. १९९७ मध्ये विकसनशील देशांवर बंधने नसलेला करार नको, असा ठराव सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी केला. त्यात दोन्ही पक्ष होते. पण औषध कडू लागते म्हणून वैद्याचे निदानच खोटे ठरवावे, तसा पुढचा प्रकार झाला. उपायांवरचा वाद विज्ञानावर ढकलला गेला.

१९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने तयार झालेला एक आराखडा उघडकीस आला. हवामानविज्ञानातील अनिश्चितता सामान्य नागरिकाच्या मनात रुजवणे हे त्यात यशाचे मोजमाप मानले होते. २००२ च्या सुमारास प्रचारतज्ज्ञ फ्रँक लुंट्झ यांनी रिपब्लिकन नेत्यांना तसाच सल्ला दिला : विज्ञान अजून अनिश्चित आहे, हा मुद्दा सोडू नका. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध धूसर ठेवण्यासाठी वापरलेली ही जुनी रीत होती. नाओमी ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांनी २०१० च्या ‘मर्चंट्स ऑफ डाउट’ या ग्रंथात तिचा माग काढला आहे. दोन्ही वादांत काही शास्त्रज्ञही तेच होते.

दुसऱ्या बाजूनेही या प्रश्नाला पक्षाचा चेहरा मिळाला. २००६ च्या गाजलेल्या माहितीपटामुळे तापमानवाढ घरोघरी पोहोचली. पण सांगणारे होते अल गोर, अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष आणि २००० चे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार. विज्ञान खरे असूनही अर्ध्या देशाने ते प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून ऐकले.

तरी २००८ पर्यंत दोर तुटला नव्हता. डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी आणि रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच हे कडवे विरोधक त्या वर्षी एका सोफ्यावर बसून हवामानासाठी एकत्र येण्याचे आवाहन करत होते. २०१० मध्ये दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. हवामानबदल खरा आहे, असे उघड म्हणणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. इतर नेत्यांनी त्यातून काय धडा घ्यायचा तो घेतला. २०२२ चा मोठा हवामानविषयक कायदा एकाही रिपब्लिकन मताशिवाय मंजूर झाला. पॅरिसच्या हवामान करारातून माघार, पुनःप्रवेश, पुन्हा माघार हा खेळ तर अध्यक्ष बदलेल तसा चालू आहे.

हुशारी कोणाच्या सेवेला?

इथे येतो या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा शोध. येल विद्यापीठाचे डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे दीड हजार अमेरिकी प्रौढांची विज्ञानाची जाण आणि आकडेमोडीची क्षमता तपासली. अपेक्षा अशी, की जाण वाढेल तशी हवामानाची चिंता वाढेल. प्रत्यक्षात जाण जितकी जास्त, तितकी दोन गटांतली दरी रुंद निघाली. समतेकडे झुकलेली हुशार माणसे अधिक चिंतित होती, तर सरकारी हस्तक्षेप नको असलेली हुशार माणसे अधिक निर्धास्त.

२०१३ च्या प्रयोगाने यामागची यंत्रणा दाखवली. त्वचेच्या मलमाचा गुण आला का, हे आकड्यांच्या तक्त्यावरून ओळखायचे होते. आकडेमोडीत तरबेज माणसांनी ते अचूक ओळखले. मग तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हे यांच्या नावाने दिले. उत्तर आपल्या पक्षाच्या मताविरुद्ध जात असेल, तिथे तीच तरबेज माणसे चुकू लागली. बुद्धी तीच होती. ती सत्य शोधण्याऐवजी आपल्या गटाची बाजू राखायला लागली होती.

याला मूर्खपणा म्हणणे चूक ठरेल. एका माणसाच्या मताने पृथ्वीचे तापमान बदलत नाही. पण चर्चमध्ये, गावात, मित्रांत वेगळे बोलल्याची किंमत त्याला लगेच मोजावी लागते. तापमानवाढ माणसामुळे होते का, असे विचारले की अनेकजण आपण कोणत्या गोटातले आहोत, ते सांगतात. शास्त्रज्ञांचे म्हणणे काय आहे, असा प्रश्न फिरवून विचारला, तेव्हा ही दरी बरीच मिटते, हेही काहान यांनी दाखवले आहे.

उघड्या राहिलेल्या वाटा

मग शिकवणे व्यर्थ आहे का? मुळीच नाही. बर्कली विद्यापीठाचे मायकेल रॅनी यांनी दाखवले, की जमिनीतून परतणारी उष्णता हरितगृह वायू कसे शोषून घेतात, हे सुमारे चारशे शब्दांत समजावले तरी लोकांचे मत हलते, आणि त्यात पुराणमतवादीही असतात. बहुतेकांना ही साधी यंत्रणाच ठाऊक नसते. वैज्ञानिक कुतूहल असलेल्यांबद्दलही काहान यांना आशादायक निष्कर्ष मिळाला : अशी माणसे आपल्या मताला धक्का देणारी माहितीही आवडीने वाचतात, आणि कुतूहल वाढले म्हणून त्यांच्यातली दरी तशी रुंदावत नाही.

दुसरी वाट जमिनीवरची आहे. आग्नेय फ्लोरिडात भरतीचे पाणी रस्त्यांवर येऊ लागले, गोड्या पाण्यात खारे पाणी शिरू लागले. तिथल्या चार परगण्यांनी २०१० मध्ये एकत्रित करार करून कामाला सुरुवात केली. तिथे चर्चा पंप, रस्ते आणि पिण्याच्या पाण्याची होती, पक्षाची नव्हती. टेक्सासमध्ये अक्षय ऊर्जेच्या कायद्यावर १९९९ मध्ये सही केली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी, ज्यांनी अध्यक्ष झाल्यावर २००१ मध्ये क्योटोचा हवामान करार नाकारला. आज पवनऊर्जेत तेच राज्य देशात पहिले आहे. त्याच टेक्सासमधल्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरीन हेहो श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि चर्चमध्ये जाऊन श्रद्धेच्या भाषेत हा विषय मांडतात. ऐकणाऱ्याला आपला धर्म किंवा आपली माणसे सोडावी लागत नाहीत, तेव्हा तो पुरावा ऐकून घेतो.

आपल्यासाठी

भारतात चित्र निराळे आहे. येलच्याच हवामान संवाद केंद्राने केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक भारतीयांनी आपल्याला तापमानवाढीबद्दल फार थोडे किंवा काहीच माहीत नसल्याचे सांगितले. पण थोडक्यात समजावून दिल्यावर ८४ टक्के लोक ती होते आहे असे म्हणाले. आपल्याकडे माहिती कमी आहे, पण दरी अजून पडलेली नाही. ही संधी कायम राहील असे नाही.

ती कशी निसटू शकते, याची चुणूक पश्चिम घाटात दिसली. घाटाच्या पर्यावरणाविषयी माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल २०१२ च्या मे महिन्यापर्यंत लोकांपुढे आला नाही. स्थानिक भाषांत तो ग्रामसभांपर्यंत नेऊन निर्णय व्हावेत, अशी त्या अहवालाची भूमिका होती. प्रत्यक्षात आधी अफवा पोहोचल्या, मग बाजू ठरल्या, आणि अहवाल वाचण्याआधीच अनेकांनी तो स्वीकारला किंवा नाकारला.

राज्यघटनेच्या ५१ क कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. अमेरिकेचा अनुभव या कर्तव्याचा अर्थ विस्तारतो. विज्ञान सांगताना ते कोणत्याही पक्षाच्या मंचाशी बांधून न टाकणे, हेही त्यात येते. मराठवाड्यातला शेतकरी, कोकणातला मच्छीमार आणि शहरातला उद्योजक यांना ते त्यांच्या विश्वासातल्या माणसांकडून ऐकायला मिळाले पाहिजे. उपाय कोणते, खर्च कोणी सोसायचा, यावर आपण जरूर भांडावे. ते भांडण लोकशाहीचे आहे. तापमापीवरचा आकडा मात्र सर्वांचा राहिला पाहिजे. तो एकदा कुणा एका पक्षाचा झाला, की नंतर कितीही शाळा काढल्या तरी तो परत मिळवणे फार अवघड जाते. म्हणून हे काम दरी पडण्याआधीच, आत्ताच करायला हवे.