श्राव्य बातमीची पूर्वतयारी

यवतमाळ जिल्ह्यात बातमीदारीची परंपरा जुनी आहे. लोकनायक बापूजी अणे यांचे 'लोकमत' साप्ताहिक येथूनच निघाले. विदर्भात 1948 साली नागपूर केंद्राच्या रूपाने आकाशवाणी आली. पुढे यवतमाळ शहरासही स्वतःचे केंद्र लाभले. साहजिकच महाविद्यालयीन तरुणांना या क्षेत्राचे आकर्षण वाटते. मात्र त्यासाठी केवळ गोड आवाज पुरेसा नाही.

एकदाच ऐकू येणारी बातमी

छापील मजकूर पुन्हा वाचता येतो. श्रोत्याला ती सोय नसते. 2017 च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा वेळी 'फवारणीप्रसंगी संरक्षक साधनांचा अवलंब करणे अनिवार्य आहे' हे परिपत्रकातील वाक्य शेतापर्यंत पोचत नाही. 'हातमोजे घाला, नाकातोंडावर मुखपट्टी बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका' असे सांगितले, तर ऐकणारा ते ध्यानात ठेवतो. लहान वाक्य, एका वाक्यात एकच मुद्दा आणि 2,47,836 ऐवजी 'सुमारे अडीच लाख', हे या लेखनाचे प्राथमिक नियम होत.

अभ्यासाची दिशा

विद्यार्थ्याने रोज वृत्तपत्रातील एक बातमी निवडून ती एका मिनिटात सांगता येईल अशी पुन्हा लिहावी, मोठ्याने वाचावी, ध्वनिमुद्रित करून ऐकावी. श्वास कोठे तुटतो, 'न' आणि 'ण' यांचा उच्चार कोठे चुकतो, हे त्यातून उमगते. जिल्ह्यात बंजारा, गोंडी व कोलामी बोलणारा समाज मोठा आहे. यांपैकी एखादी भाषा जाणणारा बातमीदार जेथे पोचेल, तेथे इतरांना पोचणे कठीण.

पदवीनंतर पत्रकारितेचे रीतसर शिक्षण घेता येते. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र शेजारच्या अमरावतीत आहे, तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील वृत्तपत्रविद्या विभाग सर्वपरिचित आहे. आकाशवाणीची केंद्रे गरजेनुसार नैमित्तिक उद्घोषकांसाठी लेखी परीक्षा व आवाजाची चाचणी घेतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

गावाचे सहकार्य

शिक्षकांनी शाळेच्या परिपाठातील बातम्या केवळ वाचून न घेता विद्यार्थ्यांकडून त्या त्यांच्या शब्दांत सांगवून घ्याव्यात. ग्रामपंचायत सदस्यांनी होतकरू तरुणांना ग्रामसभेस बोलवावे व झालेले निर्णय गावकऱ्यांना समजावून सांगण्याचे काम सोपवावे. निर्णय नेमका काय झाला, त्याचा लाभ कोणाला आणि अर्ज कोठे करावयाचा, ही तीन उत्तरे ज्याला गावासमोर अचूक देता येतील, त्याची ध्वनिक्षेपकासमोरील निम्मी तयारी झाली असे समजावे.