लांब दांड्याने एंजिनाची ताकद वाढते का?

पाटस-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात विजेचे पंप आले, त्यापूर्वी विहिरीवर डीझेल एंजिनाचा ठकठक आवाज घुमत असे. त्याच पाटसवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गावर आज वेगवान मोटारी धावतात. मोटारशौकिनांत एक समजूत पक्की आहे : कनेक्टिंग रॉड लांब बसवला की एंजिनाची ताकद वाढते. असे रॉड ते मुद्दाम घडवून घेतात आणि त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. गंमत अशी की, प्रमाणात पाहिले तर शेतावरच्या संथ एंजिनाचा रॉडच अधिक लांब असतो!

कनेक्टिंग रॉड म्हणजे दट्ट्या आणि क्रँक यांना जोडणारा दांडा. दट्ट्या सरळ वरखाली होतो, क्रँक गोल फिरतो. क्रँकच्या भुजेची लांबी दुप्पट केली की दट्ट्याची धाव मिळते. म्हणजे धाव ठरते ती भुजेवरून. दांड्याच्या लांबीचा तिच्याशी काही संबंध नाही. दांडा बदलल्याने एंजिनाचे घनमान तसूभरही वाढत नाही.

मग बदलते काय? पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीचे टीव्ही-१ हे एका सिलिंडरचे एंजिन घ्या. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते हटकून आढळते. त्याची धाव ११० मि.मी., म्हणजे भुजा ५५ मि.मी., आणि दांडा २३४ मि.मी. क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा फिरला की दट्ट्या निम्मे अंतर, ५५ मि.मी., उतरला असेल असे वाटते. पण भुजा आडवी होताना दांडाही तिरपा होतो आणि दट्ट्याला आणखी थोडा खाली ओढतो. पायथागोरसच्या सिद्धांताने हिशेब केला तर उत्तर ६१.६ मि.मी. येते. पुढच्या पाव फेऱ्यात उरले फक्त ४८.४! दांडा जितका आखूड, तितका हा असमतोल अधिक.

आता मोटारीकडे वळू. समजा, धाव ८६ मि.मी. व दांडा १३० मि.मी. आहे. त्या जागी १४० मि.मी.चा दांडा बसवला. मिनिटाला ६००० फेरे होत असताना वरच्या टोकाला दट्ट्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २३०० पट असते. नव्या दांड्याने ते २२६० पट होते. घट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास! तेवढाच ताण सोसायचा तर मिनिटाला ६००० ऐवजी ६०५४ फेरे करता येतील, बस्स. शिवाय खालच्या टोकाला त्वरण उलट थोडे वाढते. लांब दांड्यामुळे दट्ट्या वरच्या टोकाशी जास्त वेळ रेंगाळतो, असेही सांगतात. ते खरे आहे. पण क्रँक २० अंश फिरल्यावर दोन्ही दट्ट्यांच्या जागांत फरक पडतो तो ०.०६ मि.मी.

खरा लाभ वेगळाच आहे. तिरपा दांडा दट्ट्याला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. आपल्या उदाहरणात दांड्याचा सर्वांत मोठा तिरपेपणा १९.३ अंशांवरून १७.९ अंशांवर येतो, आणि त्या क्षणी भिंतीवरचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो. घर्षण कमी, झीज कमी. डीझेल एंजिनात दट्ट्यावरचा दाब मोठा असतो आणि पंप तासन् तास चालवायचा असतो. अशा एंजिनाला लांब दांडा मानवतो, आणि शेतावर एंजिनाची उंची कोणाला खुपत नाही.

मोटारीत मात्र बॉनेटखाली जागा मोजकी. एंजिनाचा ठोकळा तोच ठेवून दांडा १० मि.मी.ने वाढवायचा, तर दट्ट्यातली गजन पिन १० मि.मी. वर सरकवावी लागते. रिंगांना जागा कमी पडते. पण दट्ट्या बुटका, म्हणून हलकाही होतो. ४०० ग्रॅमचा दट्ट्या ३६० ग्रॅमचा झाला, तर पिनवरचा ओढ एकदम १० टक्क्यांनी उतरतो. लांब दांड्याचे वाढलेले वजन यातून वजा करावे लागते. तरीही माझ्या मते शर्यतवाल्यांच्या हाती लागणाऱ्या फायद्याचा मोठा वाटा दट्ट्या हलका झाल्याचा असतो, आणि श्रेय मात्र दांडा घेऊन जातो! जास्त हवा आत घेण्याची सोय केली नाही, तर नुसत्या दांड्याने ताकद फारशी वाढणार नाही.

हे घरी तपासता येईल. पुठ्ठ्याच्या ५.५ सें.मी. आणि २३.४ सें.मी.च्या पट्ट्या टाचणीने जोडा. दुसऱ्या पट्टीचे मोकळे टोक सरळ रेषेवर सरकवत पाव फेरा मोजा. मग लांब पट्टी ११ सें.मी.ची घ्या. आता पहिल्या पाव फेऱ्यातच टोक जवळजवळ ७ सें.मी. सरकलेले दिसेल.