ठिणगीचा रोध

स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधली हवा एरवी वीज वाहू देत नाही. ठिणगी पडताच त्या हवेचा प्लाझ्मा होतो आणि त्याचा रोध अंदाजता येतो. बीड–परळी आणि माजलगाव–धारूर रस्त्यांच्या चौफुलीवरच्या तेलगावात दुचाकी दुरुस्तीला आली की ही ठिणगी दिसतेच. मेकॅनिक प्लग काढून कॅपमध्ये बसवतो, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवतो आणि किक मारतो. निळी ठिणगी म्हणजे करंट चांगला, पिवळी म्हणजे कमजोर, हा ठोकताळा. निळेपणा मुख्यतः नायट्रोजनचा. त्यावरून व्होल्टेज कळत नाही.

फट ०.७ मिलिमीटर असेल तर समुद्रसपाटीच्या हवेत ती फोडायला सुमारे ३.३ किलोव्होल्ट लागतात. मे महिन्यात तेलगावच्या पठारावरच्या विरळ हवेत दहाएक टक्के कमी पुरतात. सिलिंडरमध्ये हवा आठपट दाट झाली की हाच आकडा १८ किलोव्होल्टच्या आसपास जातो. म्हणून बाहेर झकास ठिणगी देणारा प्लगही गाडी चालू करीलच असे नाही.

फट फुटल्यावर पहिले काही नॅनोसेकंद प्रवाह झपाट्याने चढतो. या टप्प्यासाठी टोप्लरचा नियम वापरतात: रोध फटीच्या लांबीच्या सम प्रमाणात, आणि तोवर वाहून गेलेल्या विद्युतभाराच्या व्यस्त प्रमाणात. पुढे साधारण मिलिसेकंदभर इग्निशन कॉइल ठिणगी तगवते. तेव्हा ऑसिलोस्कोपवर, समजा, ५०० व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअर दिसले. भागाकार १० किलोओहम येतो, पण तो प्लाझ्माचा रोध नव्हे. त्यातले सुमारे ३०० व्होल्ट ऋण टोकाला चिकटलेल्या पातळ थरातच खर्च होतात. उरलेल्या २०० व्होल्टांवरून प्लाझ्माच्या स्तंभाचा रोध ४ किलोओहम निघतो.

रोधावरून प्लाझ्माची वाहकता काढायची तर स्तंभाची जाडीही हवी. व्यास ०.२ मिलिमीटर धरला तर वाहकता मीटरला ५.६ सीमेन्स, म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याइतकी आणि तांब्याच्या कोट्यंशाने येते. व्यास निम्मा धरला तर तीच चौपट! सगळा हिशेब इथेच डळमळतो, कारण चमक दिसते तेवढ्याच जाडीतून प्रवाह जातो असे नाही. वाहकतेला इलेक्ट्रॉनच्या टकरींच्या वारंवारतेची जोड दिली की इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते: सुमारे ५,००० केल्विनला घनसेंटिमीटरमागे ४ × १०<sup>१३</sup>, म्हणजे लाख कणांमागे जेमतेम दोन-तीन. व्यासातली चूक याही आकड्यात वर्गाने उतरते.