शंभराव्या तासाला अडणारा खेळ

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैल घ्यावयास आलेला शेतकरी प्रथम त्याचा जबडा उघडतो. बैल आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला, हे दातांवरून ताडतो. मग चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो. एवढी पारख करूनही बैलाची खरी खोड विकणाऱ्यालाच ठाऊक असते. घेणाऱ्यास ती कळते नांगराला जुंपल्यावर. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट सिद्धान्तरूपाने मांडली आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. विक्रेत्याचे ज्ञान आणि ग्राहकाचे अज्ञान यांतील ही दरी आज ज्या बाजारात सर्वाधिक रुंद आहे, त्याकडे अर्थशास्त्राचे अध्यापक सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. तो बाजार आहे संगणकीय खेळांचा.

या खेळांपैकी ‘ओपन वर्ल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांचा प्रकार वेगळा आहे. येथे खेळाडू एका विस्तीर्ण कल्पित प्रदेशात स्वतःचे पात्र घेऊन वावरतो. गावोगाव हिंडतो, कामे अंगावर घेतो, शस्त्रे व द्रव्य जमवतो, कोणाशी सख्य तर कोणाशी वैर करतो. त्यातील सारे काही पुरे करू पाहणाऱ्यास शंभर-दीडशे तासही सहज लागू शकतात. झालेली प्रगती ‘सेव्ह’ नावाच्या फाइलीत साठविली जाते. ही फाइल म्हणजे खेळाडूची खातेवहीच. आणि एखाद्या दिवशी काही चूक नसता ती वही उघडतच नाही, किंवा कथेचा पुढचा दरवाजा कायमचा बंद होतो.

हा अलंकार नव्हे. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ या विख्यात खेळात एका वृद्धाला भेटल्यावाचून मुख्य कथानक पुढे सरकत नाही. अनेकांच्या बाबतीत हा वृद्ध बंद दाराआड मुकाट उभा राही. बोलेना आणि दारही उघडेना. त्याच खेळाच्या प्लेस्टेशन-३ आवृत्तीत आणखी विलक्षण प्रकार घडला. खेळाडू जितका अधिक हिंडे, तितकी त्याची फाइल फुगत जाई आणि फुगलेल्या फाइलीने खेळ इतका मंदावे की पाऊल टाकणे अशक्य व्हावे. त्या यंत्राची मुख्य स्मृती अवघी २५६ मेगाबाइट; जगाने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी मात्र वाढत चाललेल्या. म्हणजे ज्याने खेळावर सर्वाधिक प्रेम केले, त्यालाच सर्वाधिक शिक्षा! डिसेंबर २०२० मधील ‘सायबरपंक २०७७’ ची संगणकावरील आवृत्ती तर याहून स्पष्ट होती. फाइल आठ मेगाबाइटांपलीकडे गेली की ती नष्ट होई. वस्तू फार जमवू नका, असा उपदेश प्रारंभी खेळाडूंना करण्यात आला. दुरुस्ती नंतर आली.

असे दोष राहतात याचे एक कारण प्रामाणिक आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. खेळात होय-नाही स्वरूपाचे केवळ वीस निर्णय आहेत असे मानले, तरी त्यांच्या १०,४८,५७६ जुळण्या संभवतात. एकेक जुळणी तपासण्यास फक्त एक मिनिट दिले, तर रात्रंदिवस काम करणाऱ्या एका माणसास जवळजवळ दोन वर्षे लागतील. प्रत्यक्षात निर्णय शेकड्यांनी असतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा २००८ पासूनचा पुण्यातील स्टुडिओ खेळांच्या निर्मितीबरोबर चाचणीचेही काम करीत आला आहे. जगभर विकल्या जाणाऱ्या खेळातील एखादी भिंत पक्की आहे की नाही, हे पाहण्यासाठी तिच्यावर शंभरदा डोके आपटणारा तरुण मराठीही असू शकतो. दोष शोधणे त्याच्या हाती आहे. दोष सापडल्यावर खेळ थांबवावयाचा की नाही, हे ठरविणे त्याच्या हाती नाही.

दुसरे कारण मात्र निव्वळ अर्थशास्त्रीय आहे. खेळ जेव्हा कार्ट्रिजमध्ये कोंबून विकले जात, तेव्हा विक्रीनंतर चूक सुधारणे म्हणजे सारा माल परत बोलावणे होते. साहजिकच खर्च आधी, तपासणीवर होई. इंटरनेटने विक्रीपश्चात दुरुस्ती स्वस्त केली आणि त्याबरोबर विक्रीपूर्व दक्षताही स्वस्त झाली. दुरुस्तीचा खर्च उतरला की अपुरा माल बाजारात आणण्याचा मोह वाढतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही पटावे. त्यात आगाऊ नोंदणीची भर. ‘सायबरपंक’ विक्रीस येण्यापूर्वीच त्याच्या ऐंशी लाख प्रती नोंदविल्या गेल्या होत्या, आणि या आगाऊ विक्रीच्या उत्पन्नातून निर्मितीचा व जाहिरातीचा सारा खर्च भरून निघाल्याचे सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. ज्याची किंमत वस्तू दिसण्यापूर्वीच वसूल झाली, त्याला ती निर्दोष करण्याची घाई कशाला असावी? भारतात या खेळाची किंमत २,९९९ रुपये होती. एखाद्या विद्यार्थ्याच्या वसतिगृहातील महिन्याच्या खाणावळीशी ती ताडून पाहावी.

पुढचा इतिहास बोधप्रद आहे. आठवडाभरात सोनीने हा खेळ आपल्या दुकानातून काढला व पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो पुन्हा तेथे आला. आढळलेल्या दोषांपैकी बराच भाग आमच्या चाचण्यांत दिसलाच नव्हता, असे कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले. अमेरिकेत खटला झाला आणि १८.५ लाख डॉलरांवर तडजोडही झाली. पण ती भागधारकांशी. भागाची किंमत घसरली हे नुकसान न्यायालयास मोजता येते. तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या, त्याचे कोष्टक कोठेच नाही.

येथेच या प्रश्नाचा गाभा आहे. स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानाने जून २०१५ पासून परताव्याची सोय केली. अट अशी, की खरेदीला चौदा दिवस उलटलेले नसावेत आणि खेळ दोन तासांहून कमी खेळलेला असावा. छोट्या खेळासाठी ही अट रास्त आहे. परंतु शंभर तासांच्या खेळातील घातक दोष पहिल्या दोन तासांत प्रकट होत नाही. तो साठाव्या, ऐंशीव्या तासाला प्रकटतो. बैल बाजाराच्या आवारात दोन फेऱ्या चालवून पाहा, नंतर तक्रार नको, असाच हा करार. शिवाय बुडालेला वेळ बुडाला असे समजून उठावे, हे आमच्या पाठ्यपुस्तकातील शहाणपण खेळाडूच्या गळी उतरत नाही. तो पुनः पहिल्यापासून आरंभ करतो. त्याला हसणाऱ्यांनी अर्धवट सोडलेल्या बंगल्यावर दरवर्षी पैसा ओतणारे आपले शेजारी आठवावेत.

खेळ म्हणजे पोरखेळ, त्यात ग्राहक कसला आणि अन्याय कसला, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ग्राहक चळवळीचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रास ती शोभत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम आरंभिले, तेव्हा चर्चा तेल, साखर, वजनमापे यांची होती. माल बदलला, तरी अडवणुकीची जात तीच. ऑस्ट्रेलियात तर ‘फॉलआउट ७६’ या २०१८ च्या सदोष खेळाबद्दल परतावा नाकारताना ग्राहकांची दिशाभूल झाली असण्याचा संभव उत्पादकास २०१९ मध्ये मान्य करावा लागला, आणि परतावा देण्याची हमी तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने त्याच्याकडून घेतली.

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून अमलात आला, ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख करतो. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाही. तरीही विद्यार्थी हा मार्ग चोखाळत नाहीत, कारण तीन हजारांसाठी आयोगाची पायरी चढणे घरच्यांना सांगावे कसे, हा संकोच. ज्यांना थेट आयोगाकडे जावयाचे नाही, त्यांनी निदान राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. सोबत खरेदीची पावती, खेळ जेथे अडला त्या पडद्याचे छायाचित्र आणि खेळलेल्या तासांची नोंद ठेवावी. ती नोंद स्टीमसारखी दुकाने स्वतःच ठेवीत असतात.