खिंड लढविणाऱ्याचे मोल : अमेरिकन फुटबॉलमधील मधल्या बचावफळीचे परीक्षण

एखाद्या कलेतील वा क्रीडेतील जाणकार जेव्हा कोणाला ‘चांगला’ म्हणतात, तेव्हा त्या विशेषणाच्या पोटात एक अलिखित कसोटी दडलेली असते. ती कसोटी नेमकी कोणती, हे जाणकारांनाही पुष्कळदा शब्दांत सांगता येत नाही. त्यांची परिभाषा मात्र ते नकळत सांगून जाते. या दृष्टीने अमेरिकन फुटबॉलमधील मधल्या बचावफळीचा खेळाडू हा अभ्यासाचा एक उत्तम विषय आहे. ज्याच्या कामाची गुणफलकावर फारशी नोंद होत नाही, चेंडू ज्याच्या हाती क्वचितच येतो आणि ज्याच्या यशाचे श्रेय बहुधा त्याच्या मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या नावावर लिहिले जाते, त्याला चांगला किंवा वाईट कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक नाही. खेळाडूंची निवड, त्यांचे करार आणि त्यांचे वेतन या उत्तरावर अवलंबून असते.

या खेळाशी मराठी वाचकाचा परिचय बेताचाच असल्याने प्रथम त्याची मांडणी सांगणे इष्ट होईल. दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू एका काल्पनिक रेषेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. त्याच्या आघाडीच्या फळीत मध्यभागी सेंटर, त्याच्या दोहों बाजूंना दोन गार्ड आणि गार्डांच्या बाहेर दोन टॅकल असे पाच धिप्पाड गडी असतात. चेंडू टाकणारा वा धावणाऱ्याच्या हाती देणारा क्वार्टरबॅक त्यांच्या आडोशाला असतो. या पाच जणांच्या दरम्यान ज्या फटी राहतात, त्यांना रोमन लिपीतील अक्षरांची नावे आहेत. सेंटर व गार्ड यांच्यामधली ‘ए’, गार्ड व टॅकल यांच्यामधली ‘बी’, टॅकलच्या पलीकडची ‘सी’. ‘ए’ आणि ‘बी’ या आतल्या फटींवर ज्याचा पहारा असतो, तोच येथे विचारात घेतलेला मधला बचावखेळाडू. मूळ इंग्रजी शब्दाला ‘फट’ हा प्रतिशब्द पुरेसा असला, तरी ‘खिंड’ हा शब्द अधिक अन्वर्थक वाटतो. खिंड लढविणारा स्वतः गड गाठत नाही, तो दुसऱ्याला गाठू देतो. १६६० च्या पावनखिंडीच्या प्रसंगाने मराठी भाषेला दिलेला हा अर्थ प्रस्तुत विषयाला बराच जवळचा आहे.

बचावखेळाडूने कोठे उभे राहावे, हे सांगणारी एक अंकपद्धती या खेळात रूढ आहे. तिचे श्रेय सामान्यतः बम फिलिप्स यांना दिले जाते. हे १९५० नंतरच्या दशकात टेक्सासमधील शालेय संघांचे प्रशिक्षक होते आणि पुढे ह्यूस्टन ऑयलर्स या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ही पद्धती सर्वदूर पोहोचली ती टेक्सास व अलाबामा येथील विद्यापीठसंघांचे विख्यात प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्यामुळे. आजच्या रूढ प्रघाताप्रमाणे सेंटरच्या थेट समोर उभा राहणारा शून्य, त्याच्या खांद्यालगतचा एक. गार्डच्या समोरचा दोन, त्याच्या बाहेरच्या खांद्यालगतचा तीन. टॅकलच्या समोरचा चार, बाहेरच्या खांद्यालगतचा पाच. सम अंक समोरासमोर उभे राहणे सुचवितात आणि विषम अंक खांद्याला भिडणे. टॅकलच्या पलीकडे मात्र अंकांचा क्रम सर्वत्र सारखा नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या पद्धतीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, या अंकांना स्वतःचा अर्थ नाही. मैदानावरील कोणताही ठरावीक बिंदू ‘तीन’ नव्हे. समोरचा गार्ड एक पाऊल सरकला की ‘तीन’ही सरकतो. सोस्यूरने भाषेतील चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांवरून ठरते असे जे प्रतिपादन केले, त्याचे इतके उघड उदाहरण भाषेबाहेर सहसा आढळत नाही. दुसरी गोष्ट या अंकांना जोडलेल्या ‘टेक्निक’ या शब्दाविषयी. हा शब्द मुळात त्या जागेवरून खेळावयाच्या रीतीचा वाचक होता. पुढे तो खुद्द त्या जागेचा वाचक झाला, आणि आता तर ‘अमुक खेळाडू थ्री-टेक्निक आहे’ असे म्हणण्याइतपत तो व्यक्तीवर येऊन बसला आहे. आपल्या शास्त्रकारांनी वर्णिलेली लक्षणा येथे दोनदा घडली आहे. परीक्षकांची अर्धी फसगत या अर्थांतरातूनच होते. जागेचे नाव व्यक्तीला चिकटले की, त्या जागेवरचे काम सोडून व्यक्तीचेच माप घेण्याकडे मनाचा कल होतो.

वस्तुतः मधल्या फळीत दोन अगदी भिन्न प्रकारची कामे असतात. पहिले काम दोन खिंडी एकट्याने राखण्याचे. शून्य किंवा एक या जागी उभा राहणारा, ज्याला नोज टॅकल म्हणतात तो, समोरच्या सेंटरला हात ताणून हाताच्या अंतरावर धरून ठेवतो, धावणारा डावीकडे वळतो की उजवीकडे हे पाहतो आणि मग सेंटरला झटकून त्या बाजूला जातो. बहुधा त्याच्यावर सेंटर आणि गार्ड असे दोघे तुटून पडतात. तो जागचा हलला नाही, तर या दोघांपैकी कोणालाही पुढे जाऊन मागच्या लाइनबॅकरला अडविता येत नाही, आणि तो लाइनबॅकर मोकळेपणाने येऊन धावणाऱ्याला लोळवितो. टाळ्या त्याला मिळतात. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा विन्स विल्फोर्क हा या जातीचा नमुनेदार खेळाडू. सुमारे ३२५ पौंड वजनाचा हा गडी २००४ मध्ये व्यावसायिक खेळात उतरला आणि पेट्रियट्सच्या दोन विजेत्या संघांत होता. तेरा हंगामांत त्याच्या नावावर अवघे सोळा ‘सॅक’ जमा झाले. क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्यापूर्वीच रेषेमागे पाडणे, याला सॅक म्हणतात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा केसी हॅम्प्टन बारा हंगाम खेळला, पाच वेळा प्रो बोल या सन्मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला, आणि त्याच्या सॅकची संख्या दोन आकडीसुद्धा नाही. केवळ आकडे पाहणाऱ्याला ही निवड अनाकलनीय वाटेल.

दुसरे काम एकच खिंड फोडून आत घुसण्याचे. तीन या जागेवरचा खेळाडू गार्डच्या बाहेरच्या खांद्यालगत उभा असतो. तेथे दोघांनी मिळून त्याला अडविणे तुलनेने कठीण जाते, आणि चेंडू हलताक्षणी पहिल्या पावलाने गार्डच्या पुढे निघून जाणे हे त्याचे उद्दिष्ट असते. मिनेसोटा व्हायकिंग्जचा अ‍ॅलन पेज हा या शैलीचा एक पूर्वसूरी. तो सुमारे २४५ पौंडांचा, म्हणजे आजच्या मानाने या जागेसाठी सडपातळच. पण त्याच्या चपळाईमुळे १९७१ मध्ये त्याला व्यावसायिक लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविण्यात आले, आणि हा मान मिळविणारा तो पहिला बचावखेळाडू होय. (हाच पेज पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९९३ पासून २०१५ पर्यंत न्यायाधीश होता.) विल्फोर्क आणि पेज यांना एका मापाने मोजू लागल्यास एकाला तरी अन्याय होणारच.

कामे भिन्न असली, तरी काही अंगे दोहोंना समान आहेत. त्यांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खालून भिडणे. दोन भारी शरीरांची टक्कर होते, तेव्हा ज्याचा खांदा खाली, त्याचा जोर वर चढतो आणि समोरच्याचे पाय उचलले जातात. आखाड्यातील कोणताही वस्ताद हे शिष्याला पहिल्याच दिवशी सांगतो. यामुळेच उंची हा येथे निखळ गुण नाही. उंच खेळाडूला प्रत्येक वेळी गुडघ्यात व कमरेत वाकून ती उंची गमवावी लागते. लांब हात मात्र उपयोगी, कारण ज्याचा पंजा प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आधी पडतो, तो अंतर ठरवितो. परीक्षक ‘अँकर’ हा शब्द वापरतात, तो दोघांचा धक्का बसत असता पाय रोवून राहण्याच्या क्षमतेला. ‘मोटर’ हा शब्द अखेरपर्यंत न थकता धावत राहण्याच्या वृत्तीला. एक रूपक नौकेचे, दुसरे यंत्राचे. स्थैर्य आणि गती हे परस्परविरोधी गुण एकाच देहात शोधले जातात, हे या शब्दांच्या जोडीवरून सहज दिसते.

हे गुण मोजता येतात काय? इंडियानापोलिस येथे १९८७ पासून दरवर्षी भरणाऱ्या निवडपूर्व चाचणीत उंची, वजन, हातांची लांबी, चाळीस यार्डांच्या धावेची वेळ आणि २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलले, या गोष्टींची नोंद होते. मधल्या फळीतील खेळाडू एका डावात सलग चाळीस यार्ड धावतो, असा प्रसंग विरळा. त्याच्या बाबतीत पहिल्या दहा यार्डांची वेळच काय ती बोलकी. तरीही या आकड्यांचा दबदबा मोठा असतो. जॉन रँडल याला १९९० च्या बारा फेऱ्यांच्या निवडीत एकाही संघाने घेतले नाही. व्हायकिंग्जने त्याला त्यानंतर संघात घेतले. त्याने कारकिर्दीत १३७.५ सॅक केले आणि २०१० मध्ये या खेळाच्या सन्मानगृहात त्याचा समावेश झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाचा अ‍ॅरन डोनाल्ड २०१४ मध्ये चाचणीला आला, तेव्हा तो जेमतेम सहा फूट एक इंच आणि २८५ पौंड भरला. चाळीस यार्ड तो ४.६८ सेकंदांत धावला, ही त्या वजनाच्या माणसासाठी थक्क करणारी वेळ होती; पण बांधा लहान ही शंका उरलीच. त्याच्या आधी बारा खेळाडू निवडले गेले. २०१७, २०१८ आणि २०२० या तीन वर्षी तो लीगमधील सर्वोत्तम बचावखेळाडू ठरला, आणि २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर १११ सॅक जमा झाले होते.

डोनाल्डचे मोठेपण सॅकच्या आकड्यांनी सांगता येते, ही सोय सर्वांच्या वाट्याला येत नाही. मुळात हा आकडा अधिकृतपणे नोंदला जाऊ लागला तोच १९८२ पासून. म्हणून पेजच्या काळातील खेळाडूंचे सॅक अधिकृत याद्यांत सापडत नाहीत. शिवाय करारांत सॅकच्या संख्येवर जादा रक्कम ठेवण्याची प्रथा आहे. ज्याला दोन खिंडी राखण्याचे काम सोपविले आहे, त्याने ती रक्कम मिळविण्यासाठी जागा सोडून आत मुसंडी मारली, तर त्याचा आकडा वाढेल आणि संघाची भिंत पडेल. मापनाची पद्धती येथे कामाच्या विरोधात उभी राहते.

आकड्यापलीकडील मोल कसे दिसते, याचे उदाहरण म्हणून स्टीलर्सच्या जो ग्रीनकडे पाहता येईल. १९७४ च्या हंगामात तो सेंटर आणि गार्ड यांच्या दरम्यान तिरका, जवळजवळ सेंटरकडे तोंड करून उभा राहू लागला. या कोनामुळे त्याला अडविण्यास दोघे लागत, आणि सेंटरला मागच्या लाइनबॅकरपर्यंत पोहोचता येत नसे. जानेवारी १९७५ मध्ये झालेल्या नवव्या सुपर बोलमध्ये व्हायकिंग्जला धावून अवघे १७ यार्ड मिळाले. व्हायकिंग्जच्या बचावफळीत त्या दिवशी खुद्द अ‍ॅलन पेज होता, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. १७ यार्डांचा तो आकडा संघाच्या खात्यात पडला. त्यातील ग्रीनचा वाटा किती, हे दाखविणारा रकाना तक्त्यात नव्हता.

आता खेळाडूंच्या खांद्यावरील कवचात लहान संदेशप्रेषक बसविलेले असतात, आणि प्रत्येकाची हालचाल नोंदली जाते. अडविणाऱ्याला अडीच सेकंदांच्या आत कोण मागे टाकतो, कोणावर दोघे धावून जातात, हे त्यावरून काढता येते. सॅकपेक्षा हे माप निःसंशय अधिक न्याय्य आहे. परंतु एक अडचण त्यानेही सुटत नाही. खेळाडू एक यार्ड मागे रेटला गेला, हे यंत्र सांगेल, चित्रफीतही सांगेल. पण त्या डावात त्याला जागा राखावयास सांगितले होते, की सहकाऱ्याला वाट करून देण्यासाठी बाजूला सरावयास सांगितले होते, हे संघाबाहेरच्या परीक्षकाला ठाऊक नसते. संदर्भ गाळलेल्या वाक्याचा अर्थ लावण्यासारखेच हे काम आहे. यास्तव अनुभवी परीक्षक एका डावावरून निर्णय देत नाहीत. अनेक सामन्यांच्या फिती पाहून प्रथम खेळाडूला सोपविलेले काम कोणते असावे हे अनुमानाने ठरवितात, आणि मगच ते कसे पार पडले याकडे वळतात. ही पद्धती वेळखाऊ आहे आणि तिच्यात मतभेदाला वाव आहे. तथापि आकड्यांच्या कोणत्याही एका रकान्यापेक्षा ती अधिक भरवशाची होय.

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी झालेल्या सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटात सिनसिनाटी बेंगल्स तीन गुणांनी मागे होते आणि त्यांना पुढील संधी मिळविण्यास एक यार्ड हवा होता. तिसऱ्या संधीला त्यांचा धावणारा मधून घुसला. डोनाल्डने त्याला धरले आणि एक पाऊलही पुढे जाऊ दिले नाही. चौथ्या संधीला तो गार्डला मागे टाकून क्वार्टरबॅक जो बरो याच्यापर्यंत पोहोचला आणि त्याला गरकन फिरविले. बरोने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो जमिनीवर पडला. सामना लॉस अँजेलिस रॅम्सनी २३-२० असा जिंकला. चेंडू हातातून सुटला असल्यामुळे अधिकृत नोंदीत तो डाव सॅक म्हणून लिहिला गेला नाही; तेथे फक्त ‘अपूर्ण पास’ आहे.