आधी विचारा, पाणी कुठलं?

आमगावची मित्रमंडळी पहिल्यांदा जंगलात पायी जायचं ठरवतात, तेव्हा बहुधा गाडीने सालेकसा ओलांडून दरेकसा गाठतात: हाजरा फॉल किंवा कचारगडची गुहा. तयारी म्हणजे बूट, सॅक, तंबू. या सामानाआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं, असं माझं म्हणणं आहे: वाटेत लागणारं पाणी कुठून येतं आणि ते कशाने वाढतं? कोलाडला कुंडलिकेवरचं राफ्टिंग याच उत्तरावर चालतं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं. ते सकाळी सुटलं की नदी भरते, म्हणून राफ्टही सकाळीच निघतात. निघण्याआधी गाइड घोटून घेतो ते असं: पाऊल राफ्टच्या आडव्या नळीखाली रोवा; पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पाण्याच्या वर ठेवा; वाहत्या पाण्यात उभे राहू नका. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं, की कमरेएवढं पाणीही माणसाला आडवं करून बुडवतं.

आपल्याकडे असं वेळापत्रक नाही. दरेकशाचा नाला डोंगरात पडलेल्या पावसावर फुगतो आणि तो पाऊस खाली उभ्या माणसाला दिसेलच असं नाही. बाघ नदीवर सिरपूर, पुजारीटोला ही धरणं आहेत, पण पावसाळ्यात त्यांचे दरवाजे उघडतात ते धरण भरलं म्हणून. 2020च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेचा पूर गोंदिया-भंडाऱ्यातल्या गावांत शिरला. डोक्यावरचं आभाळ मोकळं आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही, ते यामुळेच.

यावर कुणी म्हणेल, गावातली पोरं तर दरवर्षी धबधब्याखाली उड्या मारतात. मारतात, पण कुठे खोल, कुठे कपार, हे त्यांना उन्हाळ्यात कोरडं पात्र पाहून ठाऊक असतं. पाहुण्याला उडी दिसते, ती माहिती दिसत नाही. दुसरा आक्षेप असा, की एवढी चौकशी केली तर थरार कसला उरणार? कुंडलिकेवर नवखा माणूस खळाळत्या पाण्यात उतरू शकतो, तो मागचा हिशेब पक्का असतो म्हणूनच. तेव्हा राफ्टिंग कोलाडला शिकावं, दरेकशाचे डोंगर पाऊस सरल्यावर चालावेत, आणि नाला ओलांडण्याआधी तिथल्या गुराख्याला किंवा ढिवराला विचारावं. तो नको म्हणाला, किंवा आपल्यातला एक जण जरी म्हणाला, तरी परतायचं, हे घरून निघतानाच ठरलेलं असावं. काठावर पोचल्यावर ठरवायला गेलं, की सर्वांत धीट गड्याचंच चालतं.