वैमानिक रुग्ण आणि वैद्याची नोंदवही

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेत स्थायिक झालेले, पन्नाशी ओलांडलेले एक अभियंता गृहस्थ सुट्टीत पुण्यास आले असता आमच्याकडे आले. आदल्या वर्षी त्यांस रक्तदाबवृद्धीसाठी आम्ही सर्पगंधा घनवटी दिली होती व ते पुरेसा साठा सोबत घेऊन गेले होते. रक्तदाब बऱ्यापैकी आटोक्यात होता. तक्रार निराळीच होती. नाक सतत चोंदलेले राहते आणि विमान खाली उतरू लागले की उजव्या कानास असह्य दडा बसतो, असे त्यांचे म्हणणे. आम्ही सहज सांगितले, "उतरण्याच्या वेळी डोळे मिटून स्वस्थ बसावे आणि आवंढा गिळीत राहावे." त्यावर ते हसले. "डोळे मिटून कसे चालेल, वैद्यराज? विमान मीच चालवतो."

आमच्या रुग्णपत्रिकेवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढा एकच शब्द होता. प्रकृती, कोष्ठ, अग्नी, निद्रा, सारे काही तपशिलाने लिहिलेले होते. परंतु हे गृहस्थ दर शनिवार-रविवारी चार आसनांचे, एका इंजिनाचे छोटे विमान हौसेने उडवतात, कधी पत्नीस व मुलीस सोबत घेतात, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही आणि सांगण्याची त्यांस इच्छा नव्हती. का नव्हती, ते त्यांनी त्या दिवशी सांगितले. तेथील डॉक्टरांकडे रक्तदाबाची नोंद झाली तर वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल ही भीती. पुण्यातील वैद्याचे औषध कोणत्याही कागदावर येत नाही, म्हणून ते आमच्याकडे आले होते. आमच्या शास्त्रावरील श्रद्धा हे कारण दुय्यम होते, हे कबूल करणे आम्हांस थोडे जड गेले.

या प्रसंगानंतर आम्ही या विषयाचे जे वाचन केले, ते सभासद वैद्यांपुढे ठेवावे असे वाटते. परदेशस्थ रुग्ण आता तालुक्याच्या गावीही येतात, आणि धुळे, बारामती, गोंदिया येथे विमानचालनाचे शिक्षण घेणारी मुलेही आपल्याच परिसरात राहतात.

अमेरिकेत नागरी विमानवाहतुकीचे नियमन करणाऱ्या संस्थेस एफएए म्हणतात. तेथे वैद्यकीय प्रमाणपत्राचे तीन वर्ग आहेत. हौशी वैमानिकास तिसरा वर्ग पुरतो. चाळिशीच्या आत ते साठ महिने, त्यापुढे चोवीस महिने चालते. अर्जात पूर्वीचे व्याधी, गत तीन वर्षांतील वैद्यकीय भेटी आणि चालू औषधे, चिठ्ठीची असोत वा बिनचिठ्ठीची, सारे लिहावे लागते. पंधरा व्याधी असे आहेत की ज्यांचे नाव आले की परीक्षक डॉक्टर स्वतःच्या अधिकारात प्रमाणपत्र देऊ शकत नाही. हृच्छूल, हृदयविकाराचा झटका, अपस्मार, उन्माद, औषध घ्यावे लागणारा मधुमेह, कारण न कळलेली मूर्च्छा, मद्य व मादक द्रव्यांची अधीनता हे त्यांतले. ही यादी वाचून सामान्य वैमानिकाचा धीर सुटतो, आणि येथेच गैरसमजाचे मूळ आहे. यादीत नाव येणे म्हणजे उड्डाण कायमचे बंद होणे नव्हे. निर्णय वरिष्ठांकडे जाणे होय. तेथे 'विशेष प्रदान' म्हणून एक मार्ग आहे. झटका येऊन गेलेला मनुष्य ठरावीक काळ थांबतो, चालपट्टीवरील परीक्षा देतो, हृदयाच्या तपासण्या पाठवतो, आणि समाधान झाल्यास मर्यादित मुदतीचे प्रमाणपत्र घेऊन पुन्हा उडतो. मुदत संपली की पुन्हा कागद.

प्रमेहाचे उदाहरण तर आपल्या चिकित्सकांनी मुद्दाम पाहावे. इन्शुलिन घेणाऱ्या मनुष्याने एकट्याने विमान चालवावे ही कल्पना एके काळी हास्यास्पद ठरली असती. १९९६ साली एफएएने तिसऱ्या वर्गासाठी ती मान्य केली, पण कशी? उड्डाणापूर्वी अर्ध्या तासाच्या आत रक्तशर्करा मोजायची, हवेत दर तासाला मोजायची, उतरण्यापूर्वी अर्धा तास पुन्हा मोजायची. ती १०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेत हवी. कमी भरल्यास २० ग्रॅम साखर खावयाची, जास्त भरल्यास जवळच्या धावपट्टीवर उतरावयाचे. शर्करा थोडी जास्त असली तरी चालेल, कमी नको, हा त्यामागचा विचार आमच्या मते चिकित्सकाचा आहे, कारकुनाचा नाही. २०१९ च्या अखेरीस सतत शर्करा मोजणारी उपकरणे वापरणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांसही हा मार्ग खुला करण्यात आला. विषादासाठीची चार औषधे २०१० साली अटींसह मान्य झाली. २०१३ पासून तर काही नेहमीचे व्याधी स्थिर असतील तर परीक्षकच त्या दिवशी प्रमाणपत्र देऊ शकतो. दमा, थायरॉइडची मंदता, संधिवात हे त्यांत आहेत, आणि रक्तदाबवृद्धीही आहे.

म्हणजे आमच्या रुग्णाने ज्या व्याधीस भिऊन हा आडमार्ग धरला, तो व्याधी मुळात अडसरच नव्हता. परीक्षेच्या वेळी रक्तदाब १५५/९५ पर्यंत चालतो आणि प्रचलित औषधांपैकी बहुतेक चालतात. जे चालत नाही ते मात्र आम्ही त्यांस दिले होते. परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत अमान्य रक्तदाबशामकांमध्ये रिसर्पीनचे नाव स्पष्ट आहे, आणि रिसर्पीन म्हणजे सर्पगंधेच्या मुळातील प्रमुख क्षाराभ. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. त्याच द्रव्याने तंद्रा येते, मन खिन्न होते आणि नाक चोंदते, हेही तेव्हापासून ठाऊक आहे. नाक चोंदले की कंठ व कान यांना जोडणारी नलिका बंद होते, आणि विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढत असता आतला तसाच राहतो. कानाचा दडा हा आमच्या घनवटीचा परिणाम होता. तंद्रेविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "दुपारी थोडी सुस्ती असते खरी." आम्ही त्या वाक्याने जितके अस्वस्थ झालो, तितके गेल्या अनेक वर्षांत झालो नव्हतो.

लपविण्याची ही वृत्ती एकट्या आमच्या रुग्णाची नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील ३,७६५ वैमानिकांपैकी निम्म्याहून अधिकांनी प्रमाणपत्राच्या भीतीने वैद्यकीय मदत टाळल्याचे मान्य केले. त्याच्या पुढची पायरी खोट्या अर्जाची. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका वैमानिकाचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली त्यास एचआयव्हीचे निदान झाले. त्या काळी अशा व्यक्तीस प्रमाणपत्र मिळत नसे, म्हणून त्याने आपण होऊन उड्डाण थांबविले. पुढे १९९४ साली निदान न सांगता त्याने प्रमाणपत्र मिळविले व चार वेळा त्याच प्रकारे नूतनीकरण केले. मधल्या काळात प्रकृती ढासळल्याने त्याने सरकारी अपंगत्वभत्ता घेतला होता, आणि तेथे आजार खरा लिहिला होता. पुढे दोन खात्यांच्या नोंदी ताडून पाहण्यात आल्या आणि तो सापडला. त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. आपली माहिती खात्याखात्यांत वाटली गेली म्हणून त्याने केलेला दावा २०१२ साली न्यायालयाने फेटाळला. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळीच. त्याने नव्याने अर्ज केला तेव्हा एफएएने एचआयव्हीच्या उपचारांसकट सारे कागद तपासून त्यास प्रमाणपत्र परत दिले. दरम्यान औषधे सुधारली होती, नियमही बदलले होते. आजार सांगून जे मिळाले असते, ते लपवून त्याने गमावले होते.

उलट उदाहरण अंतराळवीर डीक स्लेटन यांचे. हृदयाच्या अनियमित स्पंदनामुळे १९६२ साली त्यांचे अवकाशोड्डाण ऐन वेळी रद्द झाले. त्यांनी धूम्रपान व कॉफी सोडली, मद्य कमी केले, व्यायाम धरला, तपासण्या देत राहिले. १९७२ साली ते पुन्हा पात्र ठरले आणि १९७५ साली अपोलो-सोयुझ मोहिमेत गेले. निदानपरिवर्जन यापेक्षा निराळे काय असते?

हौशी वैमानिकांसाठी मे २०१७ पासून 'बेसिकमेड' नावाची आणखी सोपी व्यवस्था आहे. पूर्वी एकदा प्रमाणपत्र मिळविलेले असेल आणि वाहन चालविण्याचा परवाना असेल, तर चार वर्षांतून एकदा कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व दोन वर्षांतून एकदा संगणकावरील अभ्यासक्रम पुरतो. परंतु शेवटचा अर्ज नाकारला गेलेला असेल तर हे दार बंद. म्हणून तेथील जाणते वैमानिक अपुऱ्या कागदांनिशी परीक्षकापुढे जातच नाहीत. आधी सर्व अहवाल गोळा करतात. शिवाय, प्रमाणपत्र खिशात असले तरी ज्या दिवशी प्रकृती ठीक नाही किंवा औषधाने ती ठीक राहत नाही, त्या दिवशी उडू नये हे बंधन वैमानिकावर स्वतःवर असतेच.

अश्मरीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे आपले शास्त्र केवळ सावध करीत नाही, तर काही देऊ शकते. मूतखड्याचा शूल हवेत उठला तर एकट्या वैमानिकाचे काय होईल हे सांगणे नको. म्हणून राहिलेल्या खड्याविषयी परीक्षक बारकाईने विचारतात. छोट्या विमानात प्रसाधनगृह नसते. तीन-चार तासांच्या प्रवासापूर्वी वैमानिक मुद्दाम पाणी पीत नाहीत, आणि हवेत वेग आला तर तो धरून ठेवतात. काचेतून येणाऱ्या उन्हाने घाम जातो तो वेगळा. चरकसंहितेतील नवेगान्धारणीय अध्याय शिकविताना आपण मूत्रवेगधारणाने होणारा बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र व शिरःशूल विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. दोन तासांचा टप्पा आखावा, उतरावे, मूत्रविसर्जन करावे, पाणी प्यावे, मग पुढे जावे, हा सल्ला त्या अध्यायातूनच निघतो. तो देण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र हात आखडता हवा. जटामांसी, तगर यांसारखी निद्राजनन द्रव्ये, विजया अथवा अहिफेन असलेले कोणतेही कल्प वैमानिकास देऊ नयेत. शेवटच्या दोहोंनी मादक द्रव्यांची चाचणी सदोष निघेल. यष्टिमधु घशासाठी उत्तम खरे, परंतु अधिक काळ घेतल्यास रक्तदाब चढतो व पोटॅशियम उतरते. आसवारिष्टे ही सर्वांत सोपी चूक. भारतात उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासपरीक्षेत शून्य अपेक्षित आहे; २०२३ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मद्यांश असलेली औषधे तर सोडाच, गुळण्यांची द्रावणेही विमानकर्मचाऱ्यांस वर्ज्य केली. द्राक्षासवात मद्य स्वयंजात असते हा आपला खुलासा श्वासयंत्रास समजत नाही. वमन, विरेचन, रक्तमोक्षण यांनंतर संसर्जनक्रम पुरा होऊन बल परत येईपर्यंत उड्डाण नको, हे आमचे मत. उंचीवर प्राणवायूचा दाब मुळातच कमी, त्यात शरीर रिक्त. भस्मांविषयी, २००४ च्या बोस्टन येथील अहवालानंतर, परदेशी जाणाऱ्या रुग्णास घटक लिहून दिल्याविना एक पुडीही देऊ नये.

आमच्या रुग्णाची घनवटी आम्ही त्याच दिवशी थांबविली आणि पुण्यातच एका हृद्रोगतज्ज्ञांकडे त्यांस पाठविले. मग पत्राचा प्रश्न आला. त्यांनी विचारले, "सर्पगंधा लिहायलाच हवी का? नुसते 'आयुर्वेदिक औषध' लिहा ना." शेवटचे प्रमाणपत्र त्यांनी औषध सुरू होण्यापूर्वी घेतले होते, अर्जात अजून खोटे काही लिहिले गेलेले नव्हते, आणि पुढचा अर्ज त्यांच्या हाती होता. खोट्या निवेदनास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत कारावास आहे, हे त्या अर्जावरच छापलेले असते. आम्ही पत्रात द्रव्याचे शास्त्रीय नाव, त्यातील रिसर्पीन, मात्रा, आरंभाची व थांबविल्याची तारीख, दोन्ही वर्षांचे रक्तदाबाचे आकडे आणि जाणवलेली लक्षणे लिहिली. खाली सही केली, नोंदणी क्रमांक घातला. एक प्रत आमच्या वहीत चिकटविली आणि व्यवसायाच्या रकान्यातील 'नोकरी' या शब्दापुढे 'वैमानिक, हौशी' असे लाल शाईने लिहिले.

ते पत्र घेऊन गेले, पण रागावूनच. काही महिन्यांनी दूरध्वनी आला. नवे औषध लागू पडले होते, परीक्षकाने पत्र वाचून चार प्रश्न विचारले व थोडे थांबावयास लावून प्रमाणपत्र दिले होते. पुढच्या डिसेंबरात ते आले, ते मुलीच्या पित्ताच्या तक्रारीसाठी. स्वतःसाठी त्यांनी औषध मागितले नाही. आम्ही मुलीस विचारले, "विमान तू चालवतेस का?" ती म्हणाली, "अजून नाही, शिकतेय."